चक्कर कानामुळे, मग वायरी मानेला का? वेम्प तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चक्कर येणाऱ्या पेशंटच्या तपासण्या करण्यात माझी बारा-तेरा वर्षं गेली. वेम्प म्हणजे वेस्टिब्युलर इव्होक्ड मायोजेनिक पोटेन्शियल: कानात आवाज द्यायचा आणि स्नायूच्या उत्तरावरून आतल्या कानातला तोलाचा अवयव काम करतोय का ते बघायचं. ह्या वेम्पच्या खोलीत शिरताना लोक जे विचारतात, रिपोर्ट हातात पडल्यावर फोन करून जे विचारतात आणि आमच्याकडे शिकायला येणारी मुलं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. ती ज्यांना फक्त तपासणीपुरतं हवं आहे त्यांनी खुशाल ओलांडून पुढे जावं.

मला चक्कर येते. तुम्ही मानेला वायरी का चिकटवताय?

कारण तोल सांभाळणारा अवयव कवटीच्या अतिशय टणक हाडात, वाटाणा मावेल एवढ्या पोकळीत दडलेला आहे. तिथे सुई घालता येत नाही, दुर्बीण पोचत नाही, आणि एमआरआयमध्ये त्याचा आकार दिसला तरी तो काम करतोय की नाही हे दिसत नाही. पण त्या अवयवाची एक तार मानेपर्यंत आलेली आहे. आपण कानाशी घंटा वाजवायची आणि मानेत हालचाल होते का ते बघायचं.

आरशासमोर उभे राहा. उजव्या कानामागच्या हाडाखाली दोन बोटं ठेवा आणि तोंड डावीकडे वळवा. कानामागून निघून तिरका खाली, गळ्याच्या खळगीकडे जाणारा एक दोर बोटांखाली टरारून उठेल. त्याचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. हे नाव आम्हीही दिवसभर घेत बसत नाही, एससीएम म्हणतो. उजवा एससीएम तोंड डावीकडे वळवतो आणि डावा उजवीकडे. वायरी लागतात त्या ह्या दोरावर.

पण कानाचा आणि मानेचा संबंध काय?

एसटीने अचानक ब्रेक मारला की धड पुढे जातं, पण डोकं फार वेळ लटपटत नाही. चार-साडेचार किलोचं हे गाठोडं मानेचे स्नायू लगेच सावरून धरतात. हलल्याची खबर त्यांना ज्या वाटांनी मिळते, त्यातली एक थेट आतल्या कानातून येते. ह्या प्रतिक्रियेला वेस्टिब्युलोकॉलिक रिफ्लेक्स म्हणतात, म्हणजे तोलाच्या अवयवाकडून मानेकडे येणारी, आपल्या इच्छेवर न चालणारी प्रतिक्रिया.

आतल्या कानात तोलाचे पाच भाग असतात. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं वळल्याचं सांगतात. युट्रिकल आणि सॅक्यूल ह्या दोन पिशव्या डोकं सरळ रेषेत सरकल्याचं आणि कलल्याचं सांगतात. पिशव्यांमध्ये केसांसारखी टोकं असलेल्या पेशींवर जेलीचा थर असतो आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. रांगोळीची भुकटी ज्या पदार्थाची, तेच हे. डोकं हललं की खडे जड असल्यामुळे मागे राहतात, केस वाकतात, आणि नसेला बातमी लागते.

आमची तपासणी यातल्या एकाच पिशवीची आहे, सॅक्यूलची. तिथून निघालेली बातमी खालच्या वेस्टिब्युलर नसेतून ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात जाते, तिथून पाठीच्या कण्याकडे उतरते आणि कवटीतून निघणाऱ्या नसांपैकी अकराव्या नसेवाटे त्याच बाजूच्या एससीएमला पोचते. वाटेत थांबे फारच थोडे. म्हणून उत्तर सुमारे १३ मिलिसेकंदांत येतं. ‘आवाज आला’ हे तुम्हाला उमगून तुम्ही बटण दाबेपर्यंत याच्या दहापट तरी वेळ गेलेला असतो.

स्नायू दचकतो का? मला तर काहीच जाणवलं नाही.

दचकत नाही. उलट सैल पडतो. वेम्पमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, आणि सर्वांत जास्त गैरसमज होतो तोही हिच्याचबद्दल.

गणपतीत ढोलपथक वाजतंय असं समजा. शंभर ढोल, प्रत्येकाचा हात थोडा पुढेमागे, एकसंध घुमारा चालू आहे. ध्वजवाल्याने खूण केली आणि सगळ्यांनी एकाच क्षणी एक ठोका गाळला, तर ती पोकळी तुम्हाला लख्ख ऐकू येते. ताणलेल्या स्नायूत असंच असतं. असंख्य तंतू आपापल्या वेळेला वाजत असतात. सॅक्यूलकडून निरोप आला की त्याच बाजूच्या एससीएममधले तंतू क्षणभर गप्प बसतात. शेकडो वेळा आवाज देऊन सगळ्या नोंदींची सरासरी काढली की ती गप्प जागा एका लाटेच्या रूपात दिसते: सुमारे १३ मिलिसेकंदांवर धन टोक, सुमारे २३ वर ऋण टोक. रिपोर्टवर पी-१३ आणि एन-२३ लिहिलेलं असतं ते हेच.

आता पथक वाजतच नसेल तर? गाळलेला ठोका ऐकू येणार कसा? मान सैल सोडून पडलेल्या पेशंटची वेम्पमध्ये सपाट रेघ येते, कान ठणठणीत असला तरीही. म्हणून ‘मान उचला, मान उचला’ असं आम्ही सारखं ओरडत असतो. खाली जिथे जिथे मी मानेवर घसरेन, तिथे हे पथक आठवा.

तपासणीत नक्की काय करतात?

आधी कान बघतात. मग मानेची कातडी पुसतात, आणि ती जरा घासूनच पुसावी लागते. एक इलेक्ट्रोड एससीएमच्या मध्यावर, एक छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, एक कपाळावर. कानात फोमचे इन्सर्ट इअरफोन. पाठ अर्धवट टेकवून झोपवतात, आणि डोकं उशीवरून उचलून तपासायच्या कानाच्या विरुद्ध बाजूला वळवायला सांगतात.

मग आवाज सुरू होतो. ५०० हर्ट्झचा, काही मिलिसेकंदांचा तुकडा, सेकंदाला साधारण पाच वेळा: टक टक टक टक टक. दीडशे टकटक म्हणजे अर्धा मिनिट. अर्ध्या मिनिटाने डोकं खाली ठेवायचं, दम घ्यायचा, परत एकदा. मग दुसरी बाजू. पट्ट्या लावण्या-काढण्यासह अर्धा तास धरा.

आवाज मोठा असतो हे आधीच सांगते. सामान्य कानाला जेमतेम ऐकू येईल त्या पातळीच्या ९५ ते १०० डेसिबल वर. त्याहून हळू आवाजाला सॅक्यूल सहसा दाद देत नाही.

सत्तरीच्या एका आजींना मी तीनदा सांगितलं, ‘आजी, मान उचला.’ त्यांनी तीनही वेळा दोन्ही हातांनी डोकं मागून धरून उचललं. ‘उचललीय की गं!’ रेघ अर्थातच सपाट. शेवटी डावीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हटलं, ‘एकादशी कधी आहे बघा बरं, हात न लावता.’ तारीख वाचेपर्यंत मान छान ताणलेली राहिली आणि सुरेख लाट मिळाली. तेव्हापासून खोलीत दोन्ही भिंतींवर कॅलेंडरं आहेत. लहान मुलांसाठी कॅलेंडरच्या जागी मोबाइलवरचं कार्टून.

आवाज कानात सोडता, म्हणजे ही ऐकण्याचीच तपासणी ना?

नाही. ज्याला अजिबात ऐकू येत नाही अशा माणसाचीही वेम्प उत्तम येऊ शकते, कारण ऐकण्याचा शंख वेगळा आणि सॅक्यूल वेगळी. शंखातल्या पेशी गेल्या आणि सॅक्यूल शाबूत राहिली तर मान उत्तर देते. ज्यांना कॉक्लिअर इम्प्लांट करायचं आहे त्यांची वेम्प आधी आणि नंतर करण्यात अर्थ आहे तो यामुळेच. शंखात तार सरकवताना शेजारच्या सॅक्यूलला धक्का पोचू शकतो.

गंमत उलट बाजूला आहे. नस ठीक पण कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं, किंवा मळाचा घट्ट बोळा बसलेला, अशा माणसाला थोडंच कमी ऐकू येतं पण वेम्प साफ गायब होते. आवाज मुळात आतपर्यंत पुरेशा जोराने पोचतच नाही. नवखी असताना मी एका बाईंचा ‘डावीकडे प्रतिसाद नाही’ असा रिपोर्ट ऐटीत सही करून दिला होता. पडद्यामागे पाणी होतं. टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा आणि मधला कान नीट हलतो का ते बघणारी तपासणी, करायला हवी होती, मी केली नव्हती. औषधाने पाणी उतरल्यावर पुन्हा केलेल्या वेम्पमध्ये दोन्ही बाजू सारख्या. तेव्हापासून टिम्पॅनोमेट्री बघितल्याशिवाय मी इलेक्ट्रोडचं पाकीट फोडत नाही.

पडद्याला छिद्र असेल किंवा मधल्या कानाची हाडं अडली असतील तर आवाजाऐवजी हाडातून कंप देतात. कानामागे किंवा कपाळावर कंपक धरायचा, किंवा गुडघ्यावर मारतात तसल्या छोट्या हातोडीने कपाळावर हलकेच टिचकी. मधला कान वगळून निरोप थेट आत.

तोलाचा अवयव आवाजाला उत्तर देतोच कसा?

कारण ती त्याची जुनी नोकरी आहे. माशांना शंख नसतो. बहुतेक मासे प्रामुख्याने सॅक्यूलने ऐकतात. कोकणातल्या वाचकांना पुरावा द्यायची गरज नाही. घोळ किंवा ढोमा साफ करताना डोक्यातून शिंपल्यासारखे पांढरेशुभ्र दोन खडे निघतात, ते त्याच्या सॅक्यूलमधले. आपले खडे धुळीएवढे, त्याचे बोटाने उचलता येतील एवढे. पुढे जमिनीवरच्या प्राण्यांत ऐकण्यासाठी वेगळा भाग तयार झाला, पण सॅक्यूल आवाजाला पुरती बहिरी झाली नाही. शिवाय तिची जागाच अशी, की मधल्या कानातलं शेवटचं हाड, रिकीब, जिथे आतल्या द्रवावर थाप मारतं तिथून ती हाकेच्या अंतरावर आहे. मोठा आवाज म्हणजे तिच्या दृष्टीने एक छोटासा धक्का.

मोठ्या आवाजाच्या संगीताने अंगात संचारल्यासारखं वाटतं त्यात ह्या पिशवीचा वाटा असावा, असं टॉड आणि कोडी या संशोधकांनी २००० साली मांडलं. ती कल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण विसर्जनाच्या रांगेत उभं राहिल्यावर मला ती अगदीच वेडगळ वाटत नाही.

हे शोधलं कोणी?

एका माणसाने नाही, आणि सरळ रस्त्यानेही नाही. इटलीच्या पिएत्रो तुल्लिओने १९२९ मध्ये कबुतरांवरचं काम प्रसिद्ध केलं. आतल्या कानाच्या नळीच्या हाडाला भोक पाडून आवाज केला की कबूतर डोकं हलवायचं. आवाजाने चक्कर येण्याला आजही तुल्लिओचं नाव आहे.

पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर इलेक्ट्रोड लावून आवाजाचा एक प्रतिसाद मिळाला आणि तो मेंदूचा आहे असा समज झाला. बिकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवलं की तो मेंदूचा नाही, मानेच्या मागच्या स्नायूंचा आहे, आणि मान ताणली की वाढतो. थोड्याच वर्षांत सॅक्यूलवर बोटही ठेवलं गेलं. पण त्या जागी एकावर एक बरेच स्नायू, लाटा गोंधळाच्या, कुठल्या कानाचं उत्तर कुठलं ते नीट लागेना. दवाखान्यात ती तपासणी रुजली नाही.

सिडनीत कोलबॅच आणि हल्मागी यांनी १९९२ मध्ये इलेक्ट्रोड मागून पुढे आणले, एससीएमवर. बदल एवढाच, पण चित्र स्वच्छ झालं: ज्या बाजूला आवाज, त्याच बाजूच्या स्नायूत लाट. तोलाची नस कापलेल्या पेशंटांत त्या बाजूची लाट गेली. १९९४ मध्ये स्क्यूज यांच्यासह आलेल्या त्यांच्या निबंधात, नसेच्या दोषाने ऐकू न येणाऱ्यांमध्येही ती टिकून असल्याचं दिसलं. आज जगभर जी तपासणी होते ती त्याच जागेवरची. लाट म्हणजे स्नायूचं थांबणं आहे याचा थेट पुरावा नंतर एकेका तंतूची नोंद घेऊन मिळाला. मांजरांवरच्या प्रयोगांतही सॅक्यूलची नस उत्तेजित केली की त्याच बाजूचा एससीएम दबतो असं आढळलं होतं.

रिपोर्टवर ‘असिमेट्री ५० टक्के’ लिहिलंय. माझा एक कान अर्धा गेला का?

हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. आधी गणित बघू. उजवीकडची लाट १८० मायक्रोव्होल्ट, डावीकडची ६०. मोठ्यातून लहान वजा केले तर १२०, दोन्हींची बेरीज २४०, भागाकार केला की ५० टक्के. बऱ्याच प्रयोगशाळा ३५ ते ४० टक्क्यांच्या वर फरक गेला तर तो असाधारण मानतात. म्हणजे डावा कान संशयात.

आता पथक आठवा. लाटेची उंची किती ढोल वाजत होते त्यावरही ठरते. त्याच पेशंटच्या उजव्या मानेचा ताण नोंदीत १२० मायक्रोव्होल्ट होता आणि डाव्या मानेचा ४०, कारण डावीकडे अवघडल्यामुळे त्याने मान नीट उचललीच नाही. १८० भागिले १२० म्हणजे दीड. ६० भागिले ४० म्हणजेही दीड. फरक शून्य. पन्नास टक्क्यांचा सगळा दोष मानेचा निघाला.

म्हणून रिपोर्ट घेताना एक प्रश्न जरूर विचारा: मानेचा ताण मोजला होता का, आणि आकडे त्याने भागलेले आहेत का? चांगल्या मशिनवर ताण दाखवणारा पट्टा असतो आणि ताण ठरल्या हद्दीबाहेर गेला की मशिन नोंद घेणं थांबवतं. पण बऱ्याच ठिकाणी बेराच्या, म्हणजे ऐकण्याच्या नसेच्या तपासणीच्या मशिनवरच वेम्प करतात, त्यावर ही सोय असेलच असं नाही. तिथे एक जुगाड चालतं, आणि ते शास्त्रशुद्ध आहे. बीपीच्या मशिनचा पट्टा थोडा फुगवून पेशंटच्या हातात द्यायचा, तो जबड्याशी धरून हनुवटीने दाबायचा, आणि काटा दोन्ही बाजूंना ४० वर ठेवायचा. काटा पेशंटलाही दिसतो, त्यामुळे ‘अजून जोर, अजून जोर’ असं ओरडावं लागत नाही.

जो रिपोर्ट ताणाबद्दल चकार शब्द काढत नाही आणि फक्त टक्केवारी छापतो, त्यावर मी तरी पेशंटला घाबरू देत नाही.

बेरा आणि वेम्प एकच का?

नाही. बेरामध्ये ऐकण्याच्या नसेचं उत्तर मोजतात, ते एक मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान असतं. म्हणून बाळाला झोपवावं लागतं, कारण स्नायू जरा हलले की ते बुडून जातं. वेम्पमध्ये तेच स्नायू आपल्याला हवे असतात, लाट शंभरपट मोठी असते, आणि झोप लागलेल्या माणसाची वेम्प होत नाही.

दोन्ही बाजूंना लाट आली नाही. दोन्हीकडचा तोल गेला?

वय किती? साठीनंतर लाटा खुजत जातात. नसेतले तंतू आणि खड्यांखालच्या पेशी वयाबरोबर कमी होतात, आणि मानही पूर्वीसारखी ताणत नाही. पंच्याहत्तरीच्या निरोगी माणसात दोन्हीकडे सपाट रेघ आली तर मी त्यावर एक वाक्यही जास्त लिहीत नाही. मान आखूड आणि जाड असेल तर स्नायू आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये चरबीचा थर येतो, लाट लहान दिसते. इअरफोन नीट बसला नसेल, मधला कान अडला असेल, पेशंट दमला असेल, तरी तेच.

हे सगळं वगळून, तिशी-चाळिशीतल्या माणसात दोन्ही बाजू गायब असतील तर मात्र मी विचारते: तोलाच्या पेशींना इजा करू शकणारी जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं मोठ्या आजारात घेतली होती का? अंधारात चालताना भेलकांडता का? चालताना दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात का? उत्तरं हो असतील तर पुढच्या तपासण्या लगेच कराव्यात.

ही तपासणी खरोखर कुठे कामाची आहे?

एका आजारात तिला तोड नाही. आतल्या कानाच्या वरच्या नळीवरचं हाड काही जणांत इतकं पातळ होतं की शेवटी तिथे भोक राहतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हा आजार नीट मांडला. तुल्लिओने कबुतरात मुद्दाम जे केलं होतं, ते इथे निसर्गच करून ठेवतो. असे पेशंट सांगतात ते ऐकून घरचे त्यांना वेड्यात काढतात: ‘मी डोळे फिरवले की मला त्यांचा आवाज येतो.’ ‘पायऱ्या उतरताना टाचेचा दणका कानात घुमतो.’ ‘कुकरची शिट्टी झाली की समोरची भिंत हलते.’

भोकामुळे आवाजाच्या दाबाला एक जादा खिडकी मिळते आणि तो तोलाच्या भागाकडे सहज वळतो. त्यामुळे वेम्पमध्ये उलटाच प्रकार दिसतो, उत्तर कमी नाही तर जास्त. सामान्य कान ज्या पातळीला गप्प बसतो त्याच्याही वीस-तीस डेसिबल खाली हा कान लाट देत राहतो. मधल्या कानाची हाडं अडल्याने ऐकू कमी येत असेल तर वेम्प जाते, इथे कमी ऐकू येत असूनही ती मोठी असते. एवढ्या एका फरकामुळे मधल्या कानाचं ऑपरेशन चुकून होण्याचं टळू शकतं. नक्की करण्यासाठी बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतोच.

बाकी ठिकाणी वेम्प मदत करते, निकाल देत नाही. अचानक दोन-तीन दिवस घर फिरतं आणि उलट्या थांबत नाहीत, अशा न्यूरायटिसमध्ये, म्हणजे तोलाच्या नसेच्या दाहात, बहुतेक वेळा दोन नसांपैकी वरची सापडते. मग मानेची लाट शाबूत आणि डोळ्याखालची (त्या दुसऱ्या वेम्पबद्दल पुढे सांगते) गायब. खालच्या नसेवर आला तर उलट. मेनिएर ह्या आतल्या कानाच्या आजारात सॅक्यूल फुगते. निरोगी सॅक्यूल ५०० हर्ट्झला सर्वांत चांगलं उत्तर देते, मेनिएरमध्ये ती आवड १००० कडे सरकलेली दिसते, पण प्रत्येकात नाही. आणि लाटेची उंची ठीक पण ती उशिरा येत असेल, तर मी कानाऐवजी ब्रेनस्टेमचा विचार करते. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात असं आढळतं.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून जे मार्गदर्शन दिलं तेही बेताचंच आहे. हाडाच्या भोकासाठी उपयोगी ठरू शकते, न्यूरायटिस आणि मेनिएरसाठी पुरावा पुरेसा नाही. आम्ही रोज ही तपासणी करणाऱ्यांनी हे भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

अंथरुणात कुशीवर वळलं की अर्धा मिनिट गरगरतं. वेम्प करून घेऊ का?

नको. हे बहुधा खडे सुटून नळीत गेल्याचं लक्षण आहे. त्याची तपासणी डॉक्टर बाकावर झोपवून दोन मिनिटांत करतात, आणि उपचारही त्याच बाकावर, डोकं ठरावीक क्रमाने फिरवून होतो. पैसे आणि दिवस वाचवा.

डोळ्याखाली इलेक्ट्रोड लावून करतात ती वेगळी तपासणी आहे का?

तीही वेम्पच, पण युट्रिकल आणि वरच्या नसेची. २००५ पासून पुढे आली. वर बघायचं, डोळ्याखालच्या स्नायूचं उत्तर १० मिलिसेकंदांच्या आसपास येतं, आणि ते विरुद्ध बाजूचं असतं: उजव्या कानाचं डाव्या डोळ्याखाली. इथे स्नायू सैल पडत नाही, चाळवतो. दोन्ही वेम्प आणि डोकं झटक्याने वळवून कॅमेऱ्याने डोळे टिपणारी तपासणी अशा तिन्ही केल्या की दोन्ही कानांतले पाचही भाग वेगवेगळे तपासून होतात. माझ्या शिक्षकांच्या काळात कानात गार-गरम पाणी सोडून फक्त एका नळीचा अंदाज येत असे.

मला मानेचा स्पॉन्डिलायसिस आहे. त्यामुळेच चक्कर येते ना? ते यात कळेल?

कळणार नाही. मान इथे फक्त साक्षीदार आहे, आरोपी नाही. मणक्यांची झीज वेम्पमध्ये दिसत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या मताची, पण अनुभवाची. आपल्याकडे चक्कर आली की मानेचा एक्स-रे निघतो, पन्नाशीनंतर त्यात थोडीफार झीज सापडतेच, आणि गळ्यात पट्टा येतो. महिनोन्‌महिने पट्टा घालून आलेल्या कित्येकांना मी बाकावर झोपवलं आणि चक्कर खड्यांची निघाली. मान दुखत असेल तर तिचा उपचार जरूर करा. चक्करेचा आळ मात्र तिच्यावर पुराव्याशिवाय घेऊ नका.

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं असेल, हातात मुंग्या येत असतील किंवा मान वळवायला डॉक्टरांनी मनाई केली असेल, तर तपासणीआधीच सांगा. मान न वळवता करण्याची पद्धतही आहे.

एवढ्या मोठ्या आवाजाने कान बिघडणार नाही?

ठरलेल्या मर्यादेत, थोड्या वेळासाठी, सामान्य कानाला सहसा काही होत नाही. पण तपासणीनंतर ऐकू येणं कमी झाल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, त्यामुळे ‘काहीही होत नाही’ असं मी छातीठोक सांगणार नाही. पातळी गरजेपुरतीच ठेवायची, ‘लाट दिसेना, अजून वाढव’ करायचं नाही, पुन्हापुन्हा नोंदी घेत बसायचं नाही. लहान मुलांच्या बाहेरच्या कानाची नळी छोटी असते, त्यामुळे तोच आवाज पडद्यापाशी जास्त जोराने पोचतो. त्यांच्यासाठी पातळी कमी करावी लागते. कानात सतत आवाज येत असेल किंवा साध्या आवाजानेही त्रास होत असेल तर आधी बोला. मध्येच नकोसं झालं तर हात वर करा, आम्ही थांबतो.

येताना काय तयारी करू?

उपाशी यायची गरज नाही. मानेला तेल, बाम, पावडर काही लावू नका. बामाच्या थरावर इलेक्ट्रोड टिकत नाही आणि घासून घासून कातडी लाल होते. गळा मोकळा राहील असा सदरा किंवा ब्लाउज घाला. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र काढायला लागतं. ज्यांना काढायचं नसेल त्यांचं आम्ही मागे सरकवून टेपने बसवतो, त्यावरून वाद घालत नाही. कानात मळ असेल तर आदल्या दिवशीपर्यंत काढून घ्या.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, कारण आम्हाला हवा आहे ताण. चक्करेच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

तपासणीनंतर स्कूटरवरून घरी जाता येईल?

मुळात चक्करेमुळे आला असाल तर येतानाच कुणाला तरी सोबत आणा. वेम्पने सहसा चक्कर वाढत नाही. हाडाला भोक असलेल्यांना आवाज चालू असताना क्षणभर हलल्यासारखं होतं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी मात्र मान पुढच्या बाजूने दुखेल, बऱ्याच दिवसांनी व्यायाम केल्यावर दुखते तशी. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या. दोन दिवसांत जाते.